शिशाची पारख

चिंचवडचें नांव महाराष्ट्रांत प्रथम मोरया गोसावींमुळें सर्वतोमुखीं झालें आणि मागाहून कारखान्यांमुळें. पवनेच्या कांठीं गोसावींचें समाधिमंदिर आहे. शेजारच्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना निघाला. मग मोटारी, स्कूटरी, बॅटऱ्या असें एकेक येत गेलें, आणि नाशिकच्या रस्त्यानें ही पट्टी चाकणपर्यंत जाऊन पोंचली. देवस्थानाचें चिंचवड व कारखान्यांचें चिंचवड यांत साम्य तें काय, असें कोणासहि वाटेल. एक साम्य आहे. मूर्तीवर चढविण्याचा परंपरेचा शेंदूर म्हणजे शिसें व प्राणवायु यांचें तांबडें संयुग होय. आणि मोटारीच्या बॅटरींतील जड पट्ट्या त्याच धातूच्या व तिच्या तशाच संयुगांच्या केलेल्या असतात.

शेंदूर देवळांत आणि बॅटरी मोटारींत असते तोंवर शिसें कोठें आहे हें उघड दिसतें. तें स्वयंपाकघरांत शिरलें म्हणजे मात्र त्याची ओळख बुजते. त्यास वास नाहीं. आणि आंबट पदार्थाशीं संयोग होऊन त्याचे जे क्षार बनतात त्यांतील कांहींची चव चक्क गोड असते. विषानें गोड लागावें हा सृष्टीचा थोडा दुष्टपणाच म्हटला पाहिजे!

जुन्या गृहिणींस ही गोष्ट रसायनशास्त्र न शिकतांहि अर्धीमुर्धी ठाऊक होती, ती कल्हईमुळें. पितळेच्या भांड्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेवलें तर तें कळकतें, म्हणून भांड्यास आंतून कथलाचा लेप द्यावयाचा. कल्हईवाला दारांत भाता मांडी, भांडें तापवी, नवसागर टाकून तें चकचकीत पुसून घेई आणि कथलाची कांडी आंत फिरवी. कथील महाग, शिसें स्वस्त. तेव्हां कथलांत शिसें मिसळण्याचा मोह व्यापाऱ्यास पडे, आणि पुष्कळदां कल्हईवाला स्वतःच त्या भेसळीचा पहिला बळी ठरे, कारण धूर त्याच्याच नाकांत जाई. यावर पारख होती तीहि साधी. शुद्ध कथलाची कांडी वाकविली असतां करकर असा बारीक आवाज होतो. शिसें मुकाट्यानें वाकतें. शिसें कागदावर ओढलें तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते.

या परीक्षा खऱ्या आहेत, परंतु त्या बाजाराच्या परीक्षा आहेत. गिऱ्हाइकाचा पैसा बुडूं नये एवढ्यासाठींच त्या जन्मल्या. शंभर भागांत दहा-वीस भाग शिसें असेल तर त्या बोलतील. लाखांत एखादा भाग असेल तर गप्प बसतील. मुलाच्या शरीरास मात्र तो लाखांतला भागहि चुकत नाहीं. शरीर शिशाला चुना समजून हाडांत सांठवून ठेवतें, आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

हें अंतर भरून काढण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न इंग्लंडांत झाला. डेव्हनशायर परगण्यांत सफरचंदाचें मद्य पिणाऱ्यांस भयंकर पोटशूळ उठे, आणि हातपाय लुळे पडत. पिकाचा दोष, हवेचा दोष, असे तर्क चालले होते. जॉर्ज बेकर या वैद्यानें १७६७ सालीं तेथील मद्य घेऊन त्यावर गंधकाच्या संयुगाचा प्रयोग केला. शिसें असल्यास द्रव काळवंडतो. डेव्हनचें मद्य काळें पडलें, हेरफर्डशायरचें पडलें नाहीं. डेव्हनच्या घाण्यांस शिशाचे सांधे होते. बेकरवर त्याच्याच परगण्यांतील लोक रागावले हें सांगावयास नकोच. ज्याच्या मालाची परीक्षा होते तो परीक्षकावर क्वचितच प्रसन्न असतो.

विसाव्या शतकांत शिसें घाण्यांतून निघून पेट्रोलमध्यें गेलें. इंजिनाची ठोक थांबविण्यास शिशाचें एक संयुग उपयोगी पडतें असें १९२१ सालीं अमेरिकेंत आढळलें, आणि पुढें जगभर वाहनांच्या धुरांतून शिसें रस्त्यांवर पसरलें. वाहनें बनविणाऱ्या पट्टीसहि त्यांतून सुटका नव्हती. हवेची ही परीक्षा शेवटीं रक्तांत करावी लागली. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत मुंबई व दिल्ली येथील लहान मुलांचें रक्त शिशासाठीं तपासलें गेलें. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेंविरहित पेट्रोलच विकावें असें ठरलें. मुलाच्या रक्ताची साक्ष हाच या विषयांतला सर्वांत खेदाचा पुरावा.

यापुढें यंत्रें इतकीं सूक्ष्म झालीं कीं शिसें सांपडतें कीं नाहीं हा प्रश्नच उरला नाहीं. सांपडलेला आंकडा कोणाचा, हा प्रश्न आला. त्याचा निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयांत लागला. बाराबंकी येथें २०१४ सालीं घेतलेल्या मॅगी शेवयांच्या नमुन्यांत कलकत्त्याच्या प्रयोगशाळेनें दहा लाख भागांत १७.२ भाग शिसें नोंदविलें, मर्यादा २.५ भागांची होती. ५ जून २०१५ रोजीं अन्नसुरक्षा प्राधिकरणानें देशभर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा हुकूम निघाला. १३ ऑगस्ट २०१५ रोजीं न्यायालयानें हे दोन्ही हुकूम रद्द केले. कंपनीस आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधि दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या आंकड्यांवर बंदी उभी होती त्यांस त्या परीक्षेची कायद्यानें आवश्यक असलेली मान्यता नव्हती. तथापि माल खुशाल विका असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. मोहाली, हैदराबाद व जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नमुने पुन्हां तपासावेत असें सांगितलें. ऑक्टोबरमध्यें निकाल आले; शिसें मर्यादेच्या आंत होतें. हा निकाल कंपनीच्या पक्षाचा म्हणून कित्येकांनीं नाक मुरडलें. पण त्यांत आईबापांच्या हिताचाहि मोठा भाग आहे: खोटा ठरूं शकणारा आंकडा उद्यां खऱ्या धोक्याचेंहि खंडन करावयास वापरला जातो.

रंगाचें प्रकरण मात्र या पट्टींत अजून मिटलेलें नाहीं. घरगुती व शोभेच्या रंगांत शिसें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कारखान्यांत यंत्रांस व लोखंडी सामानास लावावयाचे रंग त्या नियमांत येत नाहींत. पिवळा व नारिंगी रंग खुलवावयास शिशाचींच संयुगें वापरण्याची जुनी चाल आहे; आणि जेथें कारखाना जवळ, तेथें उरलासुरला डबा घरीं येऊन खिडकीच्या गजांस, फाटकास, क्वचित् मुलाच्या पाळण्यासहि लागणें अगदींच अशक्य नाहीं. दिवाळीपूर्वीं तो जुना रंग कोरडाच घासला म्हणजे धूळ जमिनीवर बसते, आणि रांगतें मूल तोच हात तोंडांत घालतें. अशा रंगाची पारख करण्यास आतां क्ष-किरणांचें हातांत धरण्याजोगें यंत्र निघालें आहे. तें गजाला टेकविलें कीं कांहीं क्षणांत, वरच्या नव्या रंगाखालीं दडलेलें जुनें शिसेंहि तें दाखवून देतें.