काच-वायपर
काचेवरील पाणी ओढून काढण्याचे रबरी पात्याचे हत्यार. त्याचे मूळ जहाजांच्या डेकवरील पाणी ओढणाऱ्या लाकडी अवजारात आढळते. पुढे अमेरिकेत प्रचारात आलेला ‘शिकागो’ नमुना पोलादी व बोजड होता. त्याचे पाते बदलण्यास अनेक स्क्रू काढावे लागत. एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन स्थलांतरिताने ओकलंड येथे हलका, पितळी, एका पात्याचा वायपर बनवून १९३६ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. आजही ठेवण तीच आहे.

पाते न उचलता नागमोडी फिरविणे, हे यातील खरे कसब होय. वारजे येथील महामार्गालगतच्या काचदर्शनी इमारतींवर धूळ फार; त्यात कूपनलिकेचे दुष्फेन पाणी वापरल्यास वाळताच पांढरे डाग उमटतात. उंचावर कामगार दोराला लोंबकळत काम करतो. त्याच्यासाठी कामाच्या दोराखेरीज स्वतंत्रपणे बांधलेला सुरक्षा-दोर आवश्यक असतो. कंत्राटात काटछाट होते ती बहुधा येथेच.