भोंगा बंद झाल्यावर : उपनगरांतील कारखान्यांची कहाणी

मुंबईचे औद्योगिक वैभव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गिरणगाव येते. परळ, लालबाग, तेथले भोंगे आणि १९८२ चा संप. पाठ्यपुस्तकांतही बहुधा तेवढेच असते. पण स्वातंत्र्यानंतर या शहराचा यंत्रोद्योग मुख्यतः वाढला तो उपनगरांत. पूर्वेला कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड आणि पश्चिमेला अंधेरी ते बोरिवली. या दुसऱ्या मुंबईची पडझड फारशी गाजली नाही, म्हणून तिच्याकडे वळू.

पूर्वेचा पट्टा कारखान्यांनी का भरला? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली ती याच वाटेने. तिच्या जोडीला आग्रा रोड होता, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईला मिळू लागली. बंदर जवळ, आणि बेटावर नसलेली मोकळी जमीन येथे भरपूर. १९५० व १९५७ साली महानगरपालिकेची हद्द वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत पोचली. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या मोटारी तयार होऊ लागल्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पुष्कळशा मतपेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. हे वर्गात जरूर सांगावे. निवडणुकीचा धडा एकदम घराजवळ येतो.

मग ओहोटी लागली. शहरातली दाटी आणि धूर कमी व्हावा म्हणून शासनाने १९६४ पासून मुंबईबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती दिल्या. शहरात येणाऱ्या कच्च्या मालावर जकात होतीच. ती २०१७ साली गेली. घाटकोपरच्या दगडखाणींतील मजुरांपासून काम सुरू करणाऱ्या डॉ. दत्ता सामंतांच्या संघटनांनी पगार वाढवून घेतले. कारखाने गेले त्याचे खापर केवळ संपांवर फोडणे आम्हाला पटत नाही. १९९१ नंतर बाहेरचा माल सहज येऊ लागला, जुनी यंत्रे मागे पडली. पण सर्वांत जड कारण पायाखाली होते. समजा, एका कारखान्याचा वर्षाचा नफा १ कोटी आहे आणि त्याच्या जमिनीला १०० कोटी मिळतात. दर साल दर शेकडा ७ प्रमाणे नुसते व्याजच ७ कोटी! सातवीचा विद्यार्थीही सांगेल मालक काय करील ते. पगारावर जगणाऱ्या फिटर-टर्नरला मात्र या हिशेबात रकानाच नाही.

तो रकाना आखण्याचा एक प्रयत्न कुर्ल्यात झाला. कमानी ट्यूब्ज या कंपनीत तांब्या-पितळेच्या नळ्या तयार होत. मालक कुटुंबात भांडणे लागली, कर्ज वाढले, आणि १९८५ साली काम थांबले. कामगारांनी नुकसानभरपाई घेऊन घरी जाण्याऐवजी सांगितले की कारखाना आम्हीच चालवतो. त्याच वर्षी आजारी उद्योगांसाठी नवा कायदा झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेकडे कंपनी सोपवण्याच्या योजनेवर शिक्कामोर्तब झाले. १९८९ मध्ये यंत्रे पुन्हा फिरली. देशातला असा हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक. सुरुवातीची वर्षे बरी गेली. पुढे खेळत्या भांडवलाची चणचण भासू लागली. तांबे महाग, ते रोख घ्यावे लागते, आणि नळ्यांचे पैसे उशिरा येतात. कौशल्य कामगारांकडे होते, उधारी सोसण्याची ताकद नव्हती. नव्वदच्या दशकात कंपनी पुन्हा अडचणीत आली. तरीही हा प्रयोग फसला एवढेच लिहून थांबणे अन्यायाचे होईल, कारण टाळे लागलेल्या दारातून शेकडो कामगार पुन्हा आत गेले होते.

पुनरुज्जीवन झाले नाही असे नाही. अंधेरीला १९७३ साली निर्यातीसाठी खास क्षेत्र उभे राहिले, ते ‘सीप्झ’. नावात सांताक्रूझ, जागा अंधेरीत! सुरुवात इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून झाली. ऐंशीच्या दशकाअखेर हिरे-दागिने आले, संगणक-प्रणालीचे कामही वाढले. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि दोन्ही बाजूंची उपनगरे जोडली गेली. लाल बहादूर शास्त्री मार्गावर जुन्या कारखान्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या, उंच इमारती आल्या. इंग्लंडात लिव्हरपूलची आल्बर्ट गोदी १९७२ साली बंद पडली आणि १९८८ मध्ये दुकाने-संग्रहालये घेऊन पुन्हा उघडली. तिच्या जुन्या विटांच्या भिंती राखल्या आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भिंतही उरली नाही. नव्या कचेऱ्यांत काम मिळाले ते बहुधा वेगळे शिकलेल्यांना. जुन्या कामगारांपैकी काहींना मिळाले ते फाटकावरचे, पहारेकऱ्याचे.

उपनगरातील शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. शाळेच्या परिसरातील बसथांब्यांची आणि रिक्षा-थांब्यांची नावे मुलांनी वहीत उतरवावीत. त्यांतली कारखान्यांची नावे वेगळी काढावीत. तो कारखाना काय बनवत होता, कधी बंद पडला, तेथे आज काय आहे हे आजोबांना किंवा शेजारच्या निवृत्त कामगारांना विचारावे आणि नकाशावर मांडावे. एका वर्गाला दोन आठवडे पुरतात.