पायरीची उंची : इंदूरच्या वाहनांचा आणि वृद्धांचा इतिहास

इंदूरचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी राजवाड्याच्या दरवाजातूनच आत शिरते. मल्हारराव, अहिल्याबाई, यशवंतराव, १८१८ चा मंदसौरचा तह आणि त्यानंतर महेश्वराहून येथे आलेली राजधानी, हा क्रम आपल्या घराघरांत पाठ आहे. या राजधानीत राहणारी माणसे घराबाहेर कशी पडत, आणि वय झाल्यावर पडत की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आम्हांलाही तो बरीच वर्षे सुचला नव्हता. गेल्या काही वर्षांत आपल्या व्याख्यानांना पूर्वी न चुकता येणारे श्रोते एकेक करून दिसेनासे झाले. चौकशी केली तर आजारी कोणी नव्हते, रुचीही कमी झाली नव्हती. “येणार कसे?” एवढेच उत्तर बहुतेकांकडून मिळाले. त्या दोन शब्दांनी आम्हांला मागे पाहावयास लावले.

होळकरशाहीत वृद्धांच्या प्रवासाची साधने माणसाच्या ऐपतीप्रमाणे वेगवेगळी होती. सरदार-मानकऱ्यांकडे पालखी आणि मेणा, मध्यम स्थितीतील कुटुंबाकडे बैलांची दमणी, आणि उरलेल्यांना पाय. गाव लहान होते. कान्ह नदीच्या काठी जुनी इंदूर, पलीकडे राजवाडा, सराफा, आडा बाजार, मल्हारगंज. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी देवदर्शनाला जाणे, बाजारातून भाजी आणणे, आप्तांकडे हळदीकुंकवाला किंवा समाचाराला जाणे, हे सर्व पायी होण्यासारखे होते. वाटेत प्रत्येक घरापुढे ओटा असे. मालव्यात त्याला ओटला म्हणतात. त्या ओट्यावर कोणीही म्हातारा माणूस क्षणभर टेकत असे आणि घरधनी पाण्याचा तांब्या पुढे करीत असे. कोणत्याही दप्तरात नोंद नसलेली अशी ही विश्रांतिस्थळांची मालिका गल्लोगल्ली पसरलेली होती. ती होती म्हणूनच सत्तरीतील माणूस रोज मैल-दीड मैल चालू शकत होता, असे आता आम्हांला वाटते.

लांबच्या प्रवासात पहिला मोठा पालट रेल्वेने घडविला. महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी खांडवा ते इंदूर मार्गासाठी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. होळकर स्टेट रेल्वेचा हा मीटरगेज मार्ग घाट चढून, नर्मदा ओलांडून १८७० च्या दशकाच्या अखेरीस इंदुरास पोहोचला. खांडव्याला मुंबईकडची गाडी मिळू लागली, आणि नाशिक-पंढरपूरची यात्रा जी पूर्वी वृद्धांनी घरच्यांचा कायमचा निरोप घेऊनच करावयाची, ती परतीच्या भरवशाने होऊ लागली. मात्र स्थानकापर्यंत जाणे, आणि तेथून पुढे डब्यात चढणे, हे काम मुलाच्या, नातवाच्या किंवा हमालाच्या खांद्यावरच होत राहिले. घर ते स्थानक एवढाच तुकडा खरा अवघड असतो, हे तेव्हापासून आजतागायत खरे आहे.

शहरातील रस्त्यांचा विचार प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने झाला तो तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात. प्लेगने गाव हैराण झाले असताना दरबाराने स्कॉटलंडचे प्रख्यात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. त्यांनी इंदूरचा जो अहवाल दोन खंडांत सिद्ध केला तो १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या दिवाळीच्या मिरवणुकीची कथा आपल्यापैकी अनेकांनी वडिलधाऱ्यांकडून ऐकली असेल. एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागून घेऊन गेडिस यांनी मिरवणुकीचा परंपरागत मार्ग बदलला, आणि ज्या मोहल्ल्यांतील लोकांनी घरे-रस्ते झाडून, डागडुजी करून घेतली तेथून ती नेली. गंमत म्हणून ही कथा सांगितली जाते, परंतु त्यामागील विचार गंभीर होता. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला गेडिस यांचा विरोध होता. जेथे अगदी आवश्यक तेथेच एखादे पडके घर काढावे, मोकळी जागा करावी, झाड लावावे, विहीर स्वच्छ करावी, आणि वस्ती जागच्या जागी सुधारावी, अशी त्यांची रीत होती. वृद्धांसाठी म्हणून त्यांनी ती सांगितली नसेल, पण पायी चालणाऱ्याच्या बाजूची ती होती, आणि वृद्ध हा शेवटपर्यंत पायी चालणाराच असतो.

आमच्या बालपणीचे, म्हणजे १९६० च्या दशकाचे, इंदूर तांग्यांचे होते. तांग्याचे पायदान फारसे उंच नसे, आणि असले तरी तांगेवाला स्वतः उतरून आजीचा हात धरीत असे. पुढे कोणी बसावे, मागे कोणी बसावे हे तोच ठरवी, कारण मागे वजन जास्त झाले की तांगा उलार होई. आमच्या आजीला दर एकादशीला देवळात नेणारा तांगेवाला ठरलेला होता. ती जिना उतरेपर्यंत तो घोड्याला चारा घालीत थांबे. आज हिशेब केला तर त्या थांबण्याचे त्याला काहीच मिळत नव्हते. आजीला मात्र त्यातूनच घराबाहेरचे जग मिळत होते. याचा अर्थ तो काळ सर्वस्वी सुखाचा होता असा नव्हे. घोड्याचे हाल आम्ही पाहिले आहेत, आणि ज्यांना तांग्याचे भाडे परवडत नसे अशा म्हाताऱ्यांना दगडी रस्त्यावरून अनवाणी जातानाही पाहिले आहे.

त्यानंतर टेम्पो आले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तीनचाकी टेम्पो, मग मिनीबस आणि ‘नगर सेवा’ म्हणून धावणाऱ्या गाड्या, यांनी वाढत्या शहराला खरोखरच तारून नेले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. कामगार, विद्यार्थी, कारकून यांना स्वस्तात पोहोचविण्याचे काम त्यांनी केले. पण ही वाहने थांबत नसत, केवळ मंद होत. वाकून शिरावयाचे, गुडघ्याला गुडघा लावून बसावयाचे, आणि उतरताना चालत्या गाडीतून पाय टाकावयाचा, अशी त्यांची शिस्त होती. आमचे वडील साठीनंतर एकदा अशाच एका गाडीतून उतरताना पडले. मोडले काही नाही. पण त्या दिवसानंतर ते एकटे कधी बाहेर गेले नाहीत, आणि त्यापुढील अकरा वर्षे त्यांचे इंदूर म्हणजे आमची गॅलरी एवढेच उरले. घरातील कोणीही त्याला अपघात म्हटले नाही. वय झाले असे म्हटले. वास्तविक वय आदल्या दिवशीही तेवढेच होते.

२००५ च्या डिसेंबरात शहर बससेवेसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि २००६ च्या आरंभी नव्या बसगाड्या रस्त्यावर आल्या. महापालिका आणि विकास प्राधिकरण यांची ही कंपनी गाड्या खासगी चालकांकडून चालवून घेई. या व्यवस्थेची देशभर वाखाणणी झाली. ठरलेला मार्ग, ठरलेला थांबा, आणि पूर्वीपेक्षा खाली आलेली पायरी, या तीनही गोष्टी वृद्धांच्या उपयोगाच्या होत्या. केंद्र सरकारने शहरी बसगाड्यांसाठी जी मानके ठरविली त्यांत जमिनीपासून तळाच्या उंचीचे ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर असे प्रकार आहेत. कागदावर हे आकडे रुक्ष वाटतात. परंतु ४०० मिलिमीटर म्हणजे सुमारे सोळा इंच, आणि ९०० म्हणजे जवळजवळ तीन फूट. संधिवात झालेल्या गुडघ्याला या दोन आकड्यांमधील अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

१० मे २०१३ रोजी आग्रा-मुंबई मार्गावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात आयबस सुरू झाली. रस्त्याच्या मध्यभागी राखीव मार्गिका, तिच्यात बंदिस्त स्थानके, आणि स्थानकाचा चौथरा बसच्या तळाला लागून. शहराच्या इतिहासात प्रथमच पायरी नाहीशी झाली. काठी टेकीत आलेला माणूस सपाट चालत बसमध्ये शिरू लागला. दोष होतेच. स्थानक रस्त्याच्या मधोमध असल्याने तेथपर्यंत जाण्यासाठी वाहनांची रांग ओलांडावी लागे, आणि सिग्नलची वेळ म्हाताऱ्या पावलांना पुरत नसे. जुन्या शहरातून मुख्य रस्त्यापर्यंत येण्याची सोयही वेगळी शोधावी लागे. उरलेल्या रस्त्यावर गर्दी होते ही मोटारवाल्यांची तक्रार आरंभापासूनच होती, आणि तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने हा मार्ग काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीअखेर न्यायालयाच्या आदेशानंतर तो तोडण्यास प्रारंभ झाला.

या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. किती मिनिटे वाचतील, किती मोटारी पुढे सरकतील, याचे हिशेब मांडले गेले. जी सपाट वाट जाणार तिच्याऐवजी काठीवाल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न त्या चर्चेत आमच्या वाचनात तरी आला नाही. मात्र येथे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवू शकत नाही. राज्य शासनाच्या सेवेत असताना वाहतुकीच्या कित्येक बैठकांना आम्ही बसलो आहोत. बसगाड्यांची संख्या, उत्पन्न, वेग, परवाने, सर्व विषय निघत. पायरीच्या उंचीचा विषय आम्हीही कधी काढला नाही. आम्ही बैठकीला सरकारी जीपमधून येत होतो, आणि तेव्हा आमचे गुडघे चांगले होते.

दरम्यान इतर गोष्टीही बदलल्या. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षांना मान्यता मिळाली. तिचा तळ खाली असतो, चढणे सोपे पडते, आणि ती गल्लीच्या तोंडापर्यंत येते. तांग्याची खरी वारस तीच म्हणावी लागेल. पण वळणावर ती डोलते, आणि सवारी भरल्याखेरीज बहुधा हलत नाही. मोबाइलवरून बोलावण्याच्या टॅक्सीने संपन्न घरांची सोय झाली. परंतु ज्याला त्या पडद्यावरील अक्षरे दिसत नाहीत, त्याला मुलगा किंवा सून घरी असेपर्यंत थांबावे लागते. रेल्वेत साठीपुढील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात थांबविण्यात आली. आणि ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, इंदूरमध्ये मेट्रोच्या पहिल्या सुमारे सहा किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. उद्वाहक, सपाट फलाट, बसावयास जागा, सर्व काही तेथे आहे. फक्त तो टप्पा सुपर कॉरिडॉरवर आहे, आणि आपले वृद्ध राहतात रामबागेत, मल्हारगंजात, जेल रोडच्या मागे.

जुन्या शहरात याच काळात रस्ते रुंद झाले आणि त्यासाठी अनेक घरांचे पुढचे भाग पाडले गेले. मालमत्तेच्या नुकसानभरपाईचे अर्ज, नोटिसा, तंटे, हे सर्व यथासांग झाले. ओटे गेले त्याची भरपाई कोणी मागितली नाही, कारण ओटा घरमालकाचा असला तरी त्यावर टेकणारा वाटसरू कोणत्याच कागदावर नव्हता. १९१८ च्या अहवालातील इशारा आम्हांला येथे आठवतो. रस्ता रुंद झाला, पण तो पायी पार करण्यास अधिक लांब झाला, आणि टेकण्याची जागा गेली.

मग करावयाचे काय? फार मोठ्या योजना सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु बस थांब्याचा चौथरा गाडीच्या पायरीशी जुळता करणे, दर दोनशे पावलांवर एक दगडी बाक ठेवणे, आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांपासून रुग्णालय, बँक व बाजारापर्यंत लहान गाड्यांचा एखादा ठरलेला फेरा चालविणे, ही कामे कोटींची नाहीत. महापालिकेकडे ती लेखी मागता येतील. ती मागणारे अर्ज आपल्यासारख्या संस्थांनी दिले तर ते अधिक काळजीपूर्वक वाचले जातात, हा आमचा नोकरीतील अनुभव आहे.

त्याआधी एक काम घरचे आहे. आपल्या मराठी संस्थांची सभागृहे पुष्कळ ठिकाणी वरच्या मजल्यावर आहेत, आणि व्याख्याने सायंकाळी सात वाजता सुरू होऊन नऊनंतर संपतात. आमच्या नेहमीच्या सभागृहाच्या जिन्याच्या पायऱ्या गेल्या महिन्यात आम्ही मोजल्या. त्या सव्वीस आहेत, आणि कठडा एकाच बाजूला आहे. जे श्रोते दिसेनासे झाले त्यांच्या नावांची यादी अजून आपल्या वहीत आहे. पुढील व्याख्यान तळमजल्यावर, दुपारी चार वाजता ठेवावे, आणि ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी येताना त्या यादीतील एकेकाला सोबत आणावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे.