गणेशदुर्गातला बिनपडद्याचा अंक

अंगाखाली ओल धरलेली फरशी आहे आणि बाहेर पावसाची झड लागली आहे. साल १९४३, महिना जुलै. गाव सांगली, पण तुमच्या ओळखीची सांगली नव्हे. या नावाचा जिल्हाच अजून नाही. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडतात. त्यातून 'दक्षिण सातारा' निघायला सहा वर्षं आहेत आणि त्याचं 'सांगली' व्हायला सतरा. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान आहे आणि तुम्ही त्यांच्या गणेशदुर्गात, संस्थानच्या तुरुंगात पडला आहात. भिंतीपलीकडे तट, तटाखाली खंदक, खंदकापुढे पेठ. पेठ संपली की आषाढातली कृष्णा.

कमी पैशात मनाचा थरारपट करायचा तर एकच जागा घ्यावी, मोजकी माणसं आत कोंडावीत आणि दार लावून घ्यावं, असं सिनेमावाले सांगतात. दार इथे आधीच लावलेलं आहे.

आत कसे आलात हे कुणी विचारत नाही, कारण बराकीतल्या सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकाने एकच आहे. गेल्या वर्षी ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि मामलेदाराला नमावं लागलं. त्या यशाने सगळ्यांना वाटलं, जमतंय. सहाच दिवसांनी वडूजला पोलिसांनी गोळ्या घातल्या. परशुराम घार्गे हातात तिरंगा घेऊन पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. त्यानंतर मोर्चे थांबले आणि माणसं रानात गेली. आता गावोगाव क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहतं आहे. गेल्याच महिन्यात शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली. ही बातमी तुम्हाला आत येऊन कळली आणि ती पहिल्याने कुणी आणली, याचाच तुम्ही जास्त विचार करत बसलात.

कारण इथली खरी भीती भिंतीची नाही. जवळजवळ प्रत्येक भूमिगत कुणाच्या तरी खबरेवरून पकडला गेलेला आहे. बाहेर खबऱ्याला काय शिक्षा होते ते सातारच्या पोराटोरालाही ठाऊक आहे. तळपायांना पत्री ठोकतात, असं लोक सांगतात. पण आत? शेजारचा माणूस रात्री दोनदा उठून दाराशी गेला, तो पाणी प्यायला गेला की कुणाशी बोलायला? तो कुशीवर वळला तरी तुमची झोप उडते. मनातली गोष्ट चौघांना सांगावी लागणार, तिघांना सांगून भागणार नाही, आणि तो चौथा कोण हे ठरवण्यात दिवस जातात. हातात सुरी घेऊन अंधारातून येणाऱ्या माणसापेक्षा मला हा चौथा माणूस अधिक भयंकर वाटतो.

कोपऱ्यात पंचविशीचा एक उंचापुरा तरुण बसलेला आहे. पद्माळ्याचा. कळायच्या आतच आईबाप गेले, आजीने वाढवला. शिक्षण बेताचं. जूनमध्ये पकडला गेला. वसंतराव पाटील हे त्याचं नाव. महाराष्ट्राचे दादा व्हायला आणि मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीत बसायला अजून चौतीस वर्षं आहेत. तुम्हाला हे माहीत आहे, त्याला नाही. त्याच्याकडे बघताना तोंडावर काही दिसू देऊ नका. शेवट ठाऊक असलेला माणूस अशा खोलीत फितुराइतकाच घातक.

आता पहारेकऱ्यांकडे बघा. एकही गोरा नाही. ज्यांच्याविरुद्ध 'चले जाव' म्हणालात, ते या चौकटीत कुठेच नाहीत. बंदूक घेऊन उभा आहे तो संस्थानचा शिपाई, तुमच्याच मुलखातला, तुमच्याच बोलीतला.

"पाऊस काय थांबत न्हाय बघा पाव्हणं," तो गजांपलीकडून म्हणतो. "तुमच्याकडं पेरा झाला का?"

तुम्ही "झाला" म्हणता. त्याचा पट्टा, किल्ल्या, बंदूक धरायची पद्धत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकण्याची लकब, सगळं डोक्यात नोंदवून ठेवता आणि त्याच वेळी त्याच्या पेऱ्याचीही चौकशी करता. कारण एक दिवस याच माणसावर झडप घालायची आहे. साम्राज्याला शिव्या घालणं सोपं असतं. आपल्याशी पेरणीचं बोलणाऱ्याच्या हातातून बंदूक ओढून घ्यायला मन वेगळं तयार करावं लागतं. मी दिग्दर्शक असतो तर अर्धा सिनेमा या तयारीवर घालवला असता आणि पळण्याला शेवटची दहा मिनिटं दिली असती.

हे कुणी केलेलं नाही असं नाही. तुम्ही सांगलीत पहारे मोजत आहात त्याच दिवसांत फ्रान्समध्ये, लिऑनच्या माँल्यूक तुरुंगात, आंद्रे देविनी नावाचा एक कैदी चमच्याला धार लावून कोठडीच्या दाराच्या फळ्या कोरतो आहे. २५ ऑगस्टला तो निसटेल. तेरा वर्षांनी रोबेर ब्रेसाँ त्यावर सिनेमा काढेल. नट जवळपास सगळे नवखे; पडद्यावर मुख्यतः हात, दार, चमचा, बाहेरचे आवाज. नावातच सांगून टाकलंय की माणूस पळाला, तरी बघणाऱ्याचा श्वास अडकतो. त्या कोठडीतही शेवटच्या क्षणी एक पोरगा आणून टाकतात आणि नायकाला ठरवावं लागतं, याला बरोबर घ्यायचं की मारायचं. चौथा माणूस तिथेही आहे.

२४ जुलै, शनिवार. सांगलीच्या बाजाराचा दिवस. तटापलीकडून गलका ऐकू येतो आहे. गर्दी कामाची, पाऊसही कामाचा. पळायचं म्हटलं की डोळ्यांपुढे रात्र येते, दोर येतो, शिडी येते. इथे मात्र सगळं भर दुपारी आहे, पहारा सुस्तावलेला असताना.

मग ज्याची इतके दिवस तालीम केली ते काही क्षणांत उरकतं. झटापट, ओरडा, बंदुका तुमच्या लोकांच्या हातात. पेऱ्याचं विचारणारा शिपाई त्यात होता का, हे पाहायला वेळ नाही. तटावर चढता आणि खाली बघता. इतके दिवस तो खंदक तुमच्या कल्पनेत होता. कल्पनेत तो एवढा खोल नव्हता. किल्ला बांधणाऱ्याने तो बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून खणला, आतल्यांनी उडी मारावी म्हणून नव्हे. मागून हाक येते, की तुम्हाला तसं वाटतं. तुम्ही उडी टाकता. चिखल, पाणी, पुन्हा चिखल.

माझा सिनेमा इथेच, खंदकाच्या काठावर थांबला असता. पण इतिहासाला ती सोय नसते. नदीच्या दिशेने धावणाऱ्यांवर मागून गोळ्या येतात. अण्णासाहेब पत्रावळे जातात. बाबूराव जाधव जातात. वसंतरावांच्या खांद्यात गोळी शिरते आणि ते पुन्हा पकडले जातात. कुणाच्या चुकीने गोळी लागली, कोण मागे थांबलं, कोण थांबलं नाही, हे प्रश्न वाचलेल्यांच्या डोक्यात राहायला येतात. अशा गोष्टीतली कोठडी अंगावरून उतरते, डोक्यातून उतरायला वेळ लागतो. १९४६ मध्ये वसंतराव सुटतील. पुढे साखर कारखाना काढतील, राज्य चालवतील आणि हयातभर लोक त्यांच्याबद्दल बोलताना आधी तो खंदक सांगतील, मग कारखाना.

परतायच्या आधी सांगलीत थोडं रेंगाळा. हे साल मराठी रंगभूमीच्या शंभरीचं आहे. १८४३ मध्ये याच गावात विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्याचा शतसांवत्सरिक उत्सव येत्या ५ नोव्हेंबरला सांगलीत भरणार आहे. भाषणं होतील, नाटकं होतील, जुने नट गौरवले जातील. तटावरून उडी टाकून पुन्हा पकडले गेलेले तेव्हाही गजांआड असतील आणि त्या शंभराव्या वर्षात सांगलीने पाहिलेल्या सर्वांत जिवावरच्या प्रयोगाला, माझ्या मते, त्या मांडवातल्या कुठल्याच नाटकाची सर येणार नाही. उत्सवाचे अध्यक्ष आहेत विनायक दामोदर सावरकर. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात 'मोरिया' बोटीवर पहारेकरी दाराबाहेर उभे असताना त्यांनी शौचकूपाच्या खिडकीतून अंग बाहेर काढून समुद्रात उडी टाकली होती. किनाऱ्यावर तेही पकडले गेले होते.