अकोले की अकाल?

तर मंडळी, एक छोटा प्रयोग. कागदावर 'अकोले' लिहा आणि शिरोरेषेवरच्या दोन्ही मात्रा खोडा. काय उरलं? अकाल! ज्या तालुक्यातल्या घाटघरला 'नगरची चेरापुंजी' म्हणतात, त्याच्या मुख्य गावाला हे नाव म्हणजे जरा अतीच झालं. पण अक्षरांच्या एका फॅशनमध्ये हे सहज होऊ शकतं. आजची गोष्ट त्या फॅशनची.

18व्या शतकाच्या अखेरीस इटलीत बोडोनी आणि पॅरिसमध्ये दिदो घराण्याने रोमन अक्षरांच्या उभ्या रेघा जाड आणि आडव्या रेघा केसासारख्या बारीक केल्या. 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या टाईपवाल्यांनी (श्रेय बहुतेक वेळा रॉबर्ट थॉर्नला देतात) जाड रेघा आणखी फुगवल्या, बारीक मात्र तशाच ठेवल्या. हाच तो 'फॅट फेस'. पुस्तक वाचण्यासाठी नाही, तर रस्त्याने जाणाऱ्याला थांबवण्यासाठी! लॉटरीच्या जाहिरातींवर तो भलताच शोभला.

आता आपल्याकडे या. जाड-बारीक आपल्यालाही नवीन नाही, पण आपलं बोरूचं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे शिरोरेषा आणि काना जवळपास सारख्याच जाडीचे येतात. बारीकपणा येतो तो तिरक्या वळणांत. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या आणि राणोजी आरूंच्या ज्या टाईपचं एवढं नाव झालं, त्यात हेच वळण दिसतं.

म्हणजे फॅट फेस देवनागरीत आणायचा तर मूळ हिशोबच बदलतो. शिरोरेषा बारीक करावी तर अक्षरं लटकल्यासारखी वाटतात, जाड करावी तर खाली जागा उरत नाही. तरी 2014 मध्ये इंडियन टाईप फाउंड्रीने 'रोझा वन' काढला. टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांचं काम, देवनागरी आणि रोमन दोन्ही, आणि फुकट. मोठ्या शीर्षकात तो काय देखणा दिसतो!

गोची होते लहान आकारात. रोमनमध्ये एखादी बारीक रेघ उडाली तरी शब्द बहुधा ओळखू येतो. आपल्याकडे ती रेघ मात्रेची किंवा रफाराची असली तर शब्दच बदलतो. पत्रिकेवरची 'वर्षा' 'वषा' होऊन बोहल्यावर चढते आणि वऱ्हाड निघतं अकालला!

म्हणून माझा साधा नियम: अशी अक्षरं दोन-तीन शब्दांच्या शीर्षकाला, फलकाला, मुखपृष्ठाला. पत्ता, तारीख, नावं मात्र साध्या टाईपात. आणि नवा फॉण्ट घेतला की 'अकोले' टाईप करायचं, सगळ्यात रद्दी प्रिंटरवर छापायचं आणि हातभर लांबून वाचायचं. दोन्ही मात्रा दिसल्या तर फॉण्ट पास.

असो. घरात एखादी जुनी पत्रिका असेल तर काढून बघा, कुठली मात्रा उडालीये ते!