माजघरातला तंबोरा

मिरजेच्या पूर्वेला सात-आठ मैलांवर आमचं गाव. जमीन माळाची, पाऊस पाहुण्यासारखा. गावात गाणं म्हणजे सप्त्यातलं भजन आणि जात्यावरच्या ओव्या. 1969 साली वडलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून मिरजेला गाण्याच्या क्लासात नेलं, तेव्हा भावकीत हसं झालं. चुलते म्हणाले, "कुळवाड्याचं पोर आन् गाणं शिकायला फी भरतंय?" वडील भजनात पखवाज वाजवायचे. ते एवढंच म्हणाले, "त्याचा गळा चांगला हाय. बघू."

क्लास म्हणजे एका जुन्या घराची पुढची सोप्याची खोली. भिंतीवर विष्णु दिगंबर पलुस्करांची तसबीर, खाली दोन सतरंज्या, एक पेटी, एक डग्गा-तबला. दारावर गुरुजींच्या नावाची पाटी. महिन्याची फी पाच रुपये. तंबोरा मात्र खोलीत नसायचा. तो माजघरात असायचा, कारण तो काकू छेडायच्या. आम्हाला त्या दिसायच्या नाहीत. दाराआडून सूर यायचा आणि आम्ही त्यात आपला 'सा' लावायचो.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, की या सोप्यातल्या पाच रुपयांच्या फीमागे केवढा इतिहास आहे. इचलकरंजीजवळच्या चंदूर गावचे बाळकृष्णबुवा. त्यांचा जन्म 1849 चा. गाणं शिकायचं म्हणून ते घर सोडून उत्तरेत गेले आणि वासुदेवबुवा जोशींच्या हाताखाली ग्वाल्हेरची गायकी शिकून परत आले. त्या काळी शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहणं, पाणी भरणं, पडेल ते काम करणं. गुरूची मर्जी झाली तर विद्या मिळायची, नाहीतर वर्षं नुसतीच जायची. बुवांना दम्याचा विकार होता. तरी मिरज-इचलकरंजीच्या मुलखात ही गायकी रुजली ती त्यांच्यामुळे.

त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर. जन्म 1872 चा, गाव कुरुंदवाड, वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली आणि पोराला मिरजेत बुवांकडे गाण्याला घातलं. 1896 साली त्यांनी मिरज सोडली आणि 5 मे 1901 ला थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथं कुठल्या संस्थानिकाची मर्जी सांभाळायची नव्हती. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, छापील स्वरलिपी, परीक्षा आणि फी. ज्याला फी परवडणार नाही पण गाणं शिकवण्यालाच वाहून घ्यायचं आहे, त्याच्यासाठी उपदेशक वर्ग होता. नऊ वर्षं शिकायचा करार, राहणं-खाणं संस्थेचं. फी घेऊन विद्या विकली, असं म्हणणारे तेव्हाही होतेच. पण फी भरली की पाणी भरावं लागत नाही, हे आमच्यासारख्याला चटकन समजतं. पुढे मुंबईच्या शाखेसाठी मोठी इमारत उभी केली ती कर्जापायी गेली. 1931 साली विष्णु दिगंबर मिरजेतच वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आम्ही प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा द्यायचो त्या या मंडळाच्या.

त्यांच्या शिष्यांत आणखी एक मिरजेचेच, बी. आर. देवधर. त्यांनी 1925 साली मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्वतःची छोटी शाळा काढली. कुमार गंधर्व लहानपणी त्याच शाळेत आले आणि तिथंच घडले. देवधरांनी पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला आणि आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेतला. आवाज कसा निघतो, कशाने बिघडतो, कसा सुधारतो, यावर आयुष्यभर विचार केला. गाणं शिकवायचं तर आधी गळा सांभाळायला शिकवलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

हे सगळं मी नंतर वाचलं. मला गळा सांभाळायला शिकवलं ते काकूंनी.

तेराव्या-चौदाव्या वर्षी माझा आवाज फुटला. भूप म्हणताना वरचा 'सा' लावायला गेलो आणि घशातून कोंबडा आरवावा तसं काहीतरी निघालं. पोरं हसली. गुरुजी वैतागून म्हणाले, "थांब आता. पुढचे सहा महिने तोंड उघडू नकोस." मला वाटलं, संपलं. चप्पल घालत होतो, तेवढ्यात काकूंनी आत बोलावलं. पहिल्यांदा मी माजघरात गेलो. त्यांनी तंबोरा माझ्या मांडीजवळ उभा केला आणि बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. जवारीचा दोरा कणभर सरकवला की सूर कसा उघडतो, ते ऐकवलं. म्हणाल्या, "ओरडून आवाज येत नाही रे. येईल तेव्हा आपला आपण येईल. तोवर कान तयार कर. मनात गा." मग खालच्या आवाजात त्यांनी यमन आळवला. मी थक्क होऊन बघत राहिलो. तसं गाणं पुढच्या सोप्यात मी कधी ऐकलं नव्हतं.

"काकू, तुम्ही परीक्षा का नाही दिली?"

"स्वयंपाक कोणी केला असता?" त्या हसून म्हणाल्या आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवली.

मग 1972 आला. त्या दुष्काळाबद्दल आमच्या भागातल्या माणसाला काही सांगायला नको. विहिरीचा तळ दिसला. बैलजोडीतला एक बैल विकला, दुसरा कोणी फुकट नेईना. वडील आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, सुट्टीच्या दिवशी मीही जायचो. खडीची धूळ नाकातोंडात. मिळणारी मिलो ज्वारी लाल, भाकरी धड थापता येत नव्हती. तिथं पाच रुपये फी कुठून आणणार? एका शनिवारी वडील स्वतः चालत मिरजेला गेले आणि गुरुजींना सांगून आले, "पोराचं नाव काढा. सालभर काय जमायचं न्हाई." परत आल्यावर ते जेवले नाहीत.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक, खाली सही गुरुजींची. 'मुलास पाठवावे. नाव काढलेले नाही. परीक्षेचा फॉर्म भरला आहे.' वडलांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "जा. आपली फी ऱ्हायलीया, ही ध्यानात ठेव." मी चालत जायला लागलो. प्रवेशिका पास झालो. आवाज परतला, पण आधीसारखा पातळ नव्हे, खर्जात भरलेला. पिकं आल्यावर वडलांनी शाळूचं एक पोतं गुरुजींच्या दारात उतरवलं. गुरुजी "कशाला, कशाला" म्हणत राहिले आणि काकूंनी पोतं आत ओढून घेतलं.

पुढे मी शिक्षक झालो. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं पोरांना गणित आणि गाणी शिकवली. गवई काही झालो नाही, त्याची खंत फारशी नाही.

गुरुजी गेले, त्यानंतर काही वर्षांनी काकूही गेल्या. घर विकायचं ठरलं तेव्हा त्यांच्या मुलाने बोलावून घेतलं. "सर, तंबोरा तुम्ही न्या. आईने सांगून ठेवलं होतं." तंबोऱ्याबरोबर फीच्या वह्याही होत्या, रद्दीत घालायच्या म्हणून बाजूला काढलेल्या. मी 1972 ची काढली. जुलैपासून पुढच्या मार्चपर्यंत माझ्या नावापुढे नऊ वेळा 'जमा रु. 5' लिहिलं होतं. अक्षर पोस्टकार्डावरचंच, बारीक. आमच्या पानावर माझ्यासारखी आणखी चार नावं होती, सगळी माळाकडच्या गावांची. त्यांच्याही पुढे 'जमा'.

हे पैसे खरंच कुठून जमा झाले, की नुसतेच लिहिले गेले, हे आता सांगणारं कोणी नाही. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "त्या साली आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या, एवढं आठवतं. आम्हाला वाटायचं, घरखर्चाला मोडल्या."

मी वह्या सगळ्या चाळल्या. बाळकृष्णबुवांच्या पुण्यतिथीचा खर्च आहे, विष्णु दिगंबरांच्या तसबिरीला काच बसवल्याची नोंद आहे, तबल्याला पुडी घातल्याचे पैसे आहेत. शिकलेल्या प्रत्येक पोराचं नाव आहे. काकूंचं नाव मात्र कुठंच नाही. फक्त अक्षर त्यांचं आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

आता दर रविवारी गावातली सात-आठ पोरं माझ्या सोप्यात बसतात. तंबोरा मी पुढच्या खोलीतच ठेवलाय, सगळ्यांना दिसेल असा.