सासवड ते नीरा : सायकलवरून कळलेला कालवा

मंडळी, आजची नोंद पिकाची नाही, रस्त्याची आहे. पण ती शेवटी पाण्यावर आणि रानावरच येणार आहे, तेवढा धीर धरा.

जानेवारीत दोन दिवस मोकळे काढले आणि सायकलवर एक फेरा मारला. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, बारामती, आणि दुसऱ्या दिवशी नीरा डाव्या कालव्याच्या कडेकडेनं परत वर नीरेपर्यंत. या रस्त्यांनी मोटरसायकलवर मी किती वेळा गेलोय त्याला मोजमाप नाही. पण मोटरसायकलला चढ कळत नाही, मूठ थोडी जास्त पिळली की झालं. सायकलवर प्रत्येक ओढा मांड्यांना विचारून जातो. आणि आपल्या भागाचा इतिहास सगळा चढ-उतारातच आहे, हे मला या वयात उमगलं.

सासवड समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. बारामती साडेपाचशेच्याही खाली. म्हणजे सरळ हिशोबानं हा सगळा उताराचा रस्ता, कऱ्हा नदीच्या सोबतीनं. प्रत्यक्षात तसं होत नाही. दर दोन-तीन किलोमीटरला एखादा ओढा कऱ्हेला मिळायला आडवा येतो. खाली उतरा, परत चढा. माथ्यावर मुरूम आणि कुसळी गवत, ओढ्याच्या काठाला काळी आणि तिच्यात शाळू. माथ्यावर मेंढरं, खाली विहीर. हा नमुना जेजुरीपासून सुप्यापर्यंत बदलत नाही. मृदाशास्त्राच्या पुस्तकात जो माथा-उतार-तळ असा छेद काढतात, तो इथं दिवसातून तीसदा पायानं वाचून होतो.

सासवडला संगमेश्वरापाशी चांबळी आणि कऱ्हा एकत्र येतात. तिथून निघालो तेव्हा थंडी होती आणि खट्ट्या बहाराचे अंजीर पेट्यांत भरायचं काम चालू होतं. पुरंदरचा अंजीर, सीताफळ, वाटाणा ही सगळी थोड्या पाण्यावरची हुशारी. सासवडच्या माळी मंडळींना विहिरीच्या पाण्यावर बागायत कशी करायची हे कालवा यायच्या आधीपासून ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जेजुरीला गडावर गेलो नाही, सायकल कुठं लावायची हा प्रश्न. पण पेशवे तलाव आणि होळकर तलाव दोन्ही बघितले. देवाला येणाऱ्या माणसा-जनावरांना पाणी पाहिजे म्हणून सरदारांनी इथं तलाव बांधले. भक्तीइतकीच ती पाण्याची अडचण होती. मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन, दोन कप चहा, आणि पुढं सुप्याचा माळ. इथं वारं समोरून लागलं. मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूला चार चिंकारा दिसल्या, आणि पाचव्या मिनिटाला बाभळीचा काटा मागच्या चाकात.

पंक्चर काढत बसलो तिथं एक आजोबा शेळ्या घेऊन आले. कुठनं आला, कुठं चालला झालं. मी म्हटलं, बारामतीवरनं कालव्यानं वर जाणार. ते म्हणाले, "कालवा व्हय? आमच्या पणज्यानं खांदलाय त्यो. पाणी खालच्यास्नी मिळालं." एवढं बोलून शेळ्या हाकीत निघून गेले. पुढचे तीस किलोमीटर मी तेच वाक्य चघळत होतो.

सुपे तसं इतिहासात येतं ते शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळं. पण शेतकऱ्याच्या इतिहासात सुप्याची तारीख वेगळी आहे : 12 मे 1875. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. मागणी एकच, रोखे द्या. खतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. मारहाण त्या मानानं थोडी झाली, राग कागदावर होता. यालाच दख्खनचे दंगे म्हणतात.

हे एकाएकी झालं नव्हतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं हात सैल सोडला, लोकांनी कर्ज काढली. लढाई संपली, भाव आपटला, कर्ज राहिलं. त्याच सुमाराला तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून नवी मोजणी आली आणि सारा वाढला. ब्रिटिशांची ही रयतवारी मोजणी याच पट्ट्यात, इंदापूर तालुक्यात, 1830 च्या दशकात बसवली गेली होती. भाव, कर्ज, सारा. तिन्ही एकदम अंगावर आले. आजच्या कांदावाल्याला हे समजावून सांगायला लागणार नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टानं रोख्यावरचा आकडा डोळे झाकून मानायचा नाही, मूळ देणं किती आणि व्याज किती हे उकरून बघायचं, अशी सोय त्यात होती. कायदा चांगला होता. पण तो येईपर्यंत 1876 चा दुष्काळ येऊन गेला होता.

1876 ला पाऊस गेला. ज्यांनी आदल्या वर्षी रोखे जाळले त्यांच्याच भागात आता दाणा नव्हता. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आणि त्यातलंच एक मोठं काम म्हणजे नीरेचा कालवा. 1877 च्या जानेवारीत मजुरी उतरवली : मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. पौंड म्हणजे अर्ध्या किलोला कमी. दिवसभर मुरूम खोदणाऱ्या माणसाला ते पुरत नाही हे सांगायला डॉक्टर नको. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध सरकारला अर्ज केले, हजारो मजूर कामं सोडून निघून गेले.

म्हणजे आजोबांचा पणजा तिथं असणं अगदी शक्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीतून कालव्याला लागलो. गावाबाहेर जिथं कालव्याचा रस्ता वापरात आहे तिथं त्यावरून, नाही तिथं जवळच्या डांबरी रस्त्यानं. माळेगाव, वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर, निंबूत, नीरा. काल दिवसभर गिअर बदलून बोटं दुखली होती, आज एकदाही हात लावायला लागला नाही. कालव्याला किलोमीटरमागं वीतभर उतार असतो, तो पायाला कळतच नाही. ओढा आला की कालवा पुलावरून पलीकडं जातो किंवा वळसा घालून जातो, पण पातळी सोडत नाही. समपातळी रेषा नकाशावर बघणं वेगळं आणि तिच्यावरून चाळीस किलोमीटर सायकल चालवणं वेगळं.

पाण्याच्या उलट, पश्चिमेला तोंड करून चाललं की डाव्या हाताला नीरा नदी, ऊस, केळी, बैलगाड्या, कोपीवर वाळत घातलेले कपडे. उजव्या हाताला शाळू, करडई, बोडकी टेकडी. मधे कालवा, वीस-पंचवीस फुटांचा. पाणी वर चढत नाही, एवढंच कारण. ज्यानं खोदलं त्याचं रान कुठल्या अंगाला आहे हे गुरुत्वाकर्षणानं विचारलं नाही. सुप्याचा माळ या रेषेच्या वर पडला. तिकडं पाणी न्यायला विजेचे पंप लागले आणि शंभर वर्षं जावी लागली. जानाई-शिरसाई, पुरंदर उपसा या योजना आता आल्या, त्यांचं वीजबिल हा वेगळ्या नोंदीचा विषय.

कालव्याचं तोंड वीरला, बंधाऱ्यापाशी. 1880 च्या दशकाच्या मध्याला त्यात पाणी खेळायला लागलं. बारमाही पुरवठ्यासाठी भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं जुनं धरण 1892 ला पुरं झालं, मग त्याच्याऐवजी मोठं लॉईड धरण 1928 ला. वीरचं आताचं धरण स्वातंत्र्यानंतरचं.

पण गंमत बघा. पाणी आलं तरी लोक घेईनात! पाऊस बरा झाला तर ज्वारी-बाजरीला पाणी विकत कशाला घ्यायचं, आणि दुष्काळ पडला की सगळेच एकदम मागणार. कालवा तोट्यात. हे कोडं सोडवायला दोन गोष्टी झाल्या. एक, सासवडचे माळी खाली आले. त्यांनी कालव्याखालच्या जमिनी खंडानं घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. इथल्या लोकांनी ऊस त्यांच्याकडं बघून शिकला. पुढं 1932 मध्ये याच मंडळींनी उजव्या कालव्यावर माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला.

दुसरी गोष्ट विश्वेश्वरय्यांची. 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते पुण्याला पाटबंधाऱ्याच्या कामावर होते. त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गावातली ठरावीक जमीन ब्लॉकमध्ये घ्यायची, पाण्याची हमी काही वर्षांची, आणि ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस, बाकीत कमी पाण्याची पिकं, फेरपालट करून. पाणी जास्त गावांत वाटलं जावं आणि एका जागी साठू नये, हे दोन्ही त्यात होतं. त्या काळी शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण आपल्या मर्जीनं ऊस लावायची सवय लागली होती. मग समजूत घालून ती चालू झाली. माझं स्पष्ट मत आहे की यातला ऊस आपण ठेवला आणि फेरपालट टाकून दिली.

कारण ब्लॉक पद्धतीच्या मागं जी भीती होती ती खरी ठरलीच होती. कृषी खात्याचे हॅरॉल्ड मॅन आणि तांहाणे यांनी 1910 ला नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. कालवा सुरू होऊन पुरती तीस वर्षंही झाली नव्हती! काळी खोल, तिच्या खाली मुरमाचा थर, वरून कालव्याचा पाझर आणि उसाला तुडुंब पाणी. पाण्याची पातळी वर आली, सोबत मीठ वर आलं, ऊन लागलं की पाणी उडालं आणि मीठ राहिलं. 1920 च्या दशकात इंग्लिस आणि गोखले यांनी चर काढून अशा जमिनी सुधारायचं काम केलं. म्हणजे रोगही इथलाच जुना आणि औषधही.

निंबूतच्या अलीकडं कालव्यावर उभा राहून डावीकडं बघितलं तर उसाच्या फडांमधे पांढुरकी, रिकामी टिकली दिसते. तिथं फक्त लव्हाळा. अशा टिकल्या मी वाटेत अकरा मोजल्या. सगळ्या ओढ्याच्या काठाला, खोलगट जागेत. काल जी मातीची जागा सगळ्यात चांगली म्हणून शाळूनं भरलेली बघितली, कालव्याखाली तीच जागा सगळ्यात आधी मेलेली.

आता ज्यांना हा फेरा करायचाय त्यांच्यासाठी दोन शब्द. हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर सकाळी लवकर जा, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं लावलेला ट्रॅक्टर सायकलवाल्याला बघत नाही. माळावर काट्यासाठी दोन ट्यूब जादा घ्या. कालव्याच्या कडेनं अंधारात अजिबात नको, भराव बरेच ठिकाणी खचलाय.

आमचं रान कालव्याखालीच आहे, हे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे. घरी आल्यावर ओढ्याकडच्या तुकड्यात खड्डा घेतला. याच तुकड्यात गेली चार वर्षं उसाचं उत्पन्न घसरतंय आणि मी दरवर्षी खताचा डोस वाढवतोय. पाणी अडीच फुटांवर लागलं. मातीचे नमुने, वरचा आणि दोन फुटांखालचा, तपासायला दिलेत. खोडवा काढून टाकतोय. लावणीच्या आधी ओढ्यापर्यंत चर काढायचा, पण तो शेजाऱ्याच्या बांधातून जातो, त्यामुळं उद्या संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसायचंय.